वैरिणीकडचं टोक

"या ताई, बसा," असं तारा मला म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी पडायचीच बाकी राहिली.

ताई! मला! तारानं!

तुम्हाला यात दचकण्यासारखं काही दिसायचं नाही. पण तारा माझी वैरीण आहे. साधीसुधी नव्हे. लग्नात मंगळसूत्र, जोडवी आणि तारा अशा तिन्ही गोष्टी एकदमच माझ्या वाट्याला आल्या. मंगळसूत्र मध्यंतरी मोडून नवं केलं, जोडवी सैल झाली म्हणून काढून ठेवली, तारा मात्र जशीच्या तशी टिकली. इतक्या वर्षांत तिनं माझ्या तोंडाकडे बघून एक सरळ वाक्य टाकलं नव्हतं. आणि परवा मांजर्लीला, तिच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, खिडकीशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ती माझ्याकडे बघून चक्क हसली. पाहुण्यांना हसतात तशी. वर सुनेला म्हणाली, "पानी आन गो ताईंना."

मी पाणी प्यायले. कडू लागलं.

मे महिना सरत आला की आमच्याकडे हवेला एक तुरट वास यायला लागतो. कात्रपच्या नाक्यावर बायका पळसाच्या पानांवर जांभळं मांडून बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याची जीभ निळी, शाळेतल्या पोरांचे शर्ट निळे, आमच्या सोसायटीच्या फरशीवर निळे डाग, आणि त्या डागांवरून वॉचमनशी सेक्रेटरीची वादावादी. जांभूळ दिसलं की मला चामटोलीकडचं आमचं झाड दिसतं, आणि झाड दिसलं की एक नवीकोरी, मठ्ठ, पण स्वतःला फार हुशार समजणारी सून दिसते. लांब वेणी, पाठ केलेली भाषणं, आणि नाक वर. ती मी. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी फुटपाथ बदलीन.

माझे वडील अंबरनाथच्या कारखान्यात होते, घर उल्हासनगरला कँपात. गावाकडची बोली वडिलांनी घरात बोलू दिली नाही. "शुद्ध बोला" हा आमच्या घरचा एकमेव मंत्र. त्यामुळे शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझ्या तोंडून शत्रू, गनीम, वैरी हे शब्द असे खणखणत निघायचे, की पहिल्या रांगेतल्या बाई मागे सरकून बसत. पण शब्द होते, शत्रू नव्हता. कँपात शत्रू मिळणार कुठून? आमच्या खाली समोरासमोर दोन सिंधी दुकानं होती, दोन्ही कापडाची. मूलचंदकाका दिवसभर 'सामनेवाला' या शब्दाचा जप करत. "सामनेवाले का रंग उतरता है, सामनेवाले का माप कच्चा है." पलीकडचा दुकानदारही यांना सामनेवालाच म्हणे. नाव कुणी घेतलं नाही. मला वाटे, व्वा, काय पेटलंय वैर! मग एकदा पलीकडच्याची आई गेली. दुकान बंद. तर मूलचंदकाकांनीही आपलं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं आणि पायरीवर गप्प बसून राहिले. मी विचारलं, "काका, आज तर सगळं गिऱ्हाईक तुमचंच ना?" ते म्हणाले, "बेटी, सामने अंधेरा हो, तो अपना माल भी अच्छा नहीं दिखता."

मला ते कळलं नाही. मी मनात म्हटलं, भित्रा माणूस.

अशी ही रणरागिणी लग्न होऊन चामटोलीकडे गेली. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मागच्या दारातून बांधापलीकडचं कौलारू घर दाखवलं आणि म्हणाल्या, "त्या घराकडं बघाचा नाय. भाऊबंद हायत, वैरी हायत आपले."

काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा! आयुष्यात पहिल्यांदा मला माझा, स्वतःचा, हक्काचा शत्रू मिळाला होता. कारण काय, हे मी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला कारण विचारणं मला कोतेपणाचं वाटलं. पुढे विचारलं तेव्हा कुणी म्हैस सांगितली, कुणी लग्नातला मानपान, कुणी बांध सरकवल्याचं. सासरे म्हणाले, "जुना हाय," आणि विडी पेटवली.

त्या घरातही त्याच वर्षी सून आली होती. ठेंगणी, सावळी, हाताला चांगलाच जोर असलेली. ती तारा. आम्ही दोघी विहिरीवर समोरासमोर आलो की मी मान अशी झटकायची, की एकदा वेणी घागरीत गेली. ती हसली नाही. तिनं विहिरीच्या रहाटाकडे बघितलं आणि रहाटाला म्हणाली, "केस पानी पितात वाटतं."

मी थक्क! ही रहाटाशी बोलते?

तर ती तिथली रीत होती. भाऊबंदांशी बोलणं बंद म्हणजे बंद. पण सांगायचं तर असतंच. मग ते झाडाला सांगायचं, म्हशीला सांगायचं, भिंतीला सांगायचं. समोरच्यानं ऐकायचं आणि त्याच झाडाला किंवा म्हशीला उत्तर द्यायचं. सासूबाई आणि ताराची सासू, दोघी आपापल्या ओट्यावर बसून मधल्या कोंबडीमार्फत तासभर एकमेकींची उणीदुणी काढत. "कोंबरे, सांग तिला, तिचा भात करपला." "कोंबरे, सांग तिला, वास आला त जेवाला ये." कोंबडी बिचारी दाणे टिपत असायची. गावात बाळंतपण कुठे अडलंय, कुणाच्या पोराला ताप आहे, सगळी खबर या कोंबडीमार्फतच जायची यायची.

आणि सासूबाईंच्या तोंडी तो 'वैरी' शब्द तरी किती असावा! नवरा उशिरा आला, "आला वैरी." मुलानं जेवण टाकलं, "सात जल्माचा वैरी माझा." मांजरी दुधात तोंड घालताना सापडली, तीही वैरीण. मी शुद्धवाली, मला या उधळपट्टीचा धक्काच बसायचा. शत्रू हा शब्द मी जपून, इस्त्री करून ठेवलेला. या बाई तो फडक्यासारखा वापरत होत्या. पुढे नीट कान दिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि मी जास्तच हादरले. आमचं खालचं शेत एका माणसानं गोड बोलून, चहा पाजून, सासऱ्यांच्या हातून काढून घेतलं. घरातली दोन माणसं त्या धक्क्यानं खचली. त्या माणसाला सासूबाईंनी कधी वैरी म्हटलं नाही. त्याला सगळे 'शेठ' म्हणत. तो दिसला की सासरे उभे राहत. ज्यानं खरोखर घर पोखरलं त्याला शेठ, आणि घरच्या मांजरीला वैरीण! असा कसा हा शब्दकोश? मी पुष्कळ दिवस विचार केला. मग वाटलं, वैरी म्हणायलासुद्धा माणूस आपल्यातला असावा लागतो. शेठ आपल्यातला नव्हता.

पण हे शहाणपण फार नंतरचं. त्या पहिल्या हंगामात मी काय दिवे लावले ते ऐका.

जांभळाचं झाड बरोबर बांधावर. कुणाचं, याचा निकाल कोर्टात लागला नाही, कारण कोर्टात कुणी गेलंच नाही. झाडाची रीत मात्र ठरलेली. वर एक गडी चढून फांद्या हलवणार, खाली चादर धरायची. पिकलं जांभूळ जमिनीवर पडलं की फुटतं, त्याला माती लागते, कुणी घेत नाही. ती चादर म्हणजे दोन जुनी लुगडी मधोमध शिवलेली, एक आमच्या घरचं, एक त्यांच्या. दोन टोकं आमच्या बायकांनी धरायची, दोन त्यांच्या. दोन्ही घरच्या बाया चादरीला लागल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, मग जांभळं सडून गेली तरी बेहत्तर. चादर एक वर्ष आमच्याकडे राहायची, एक वर्ष त्यांच्याकडे.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात टोक दिलं. मी बघते तो समोरच्या टोकाला तारा! ताईत घातलेल्या दंडाला चादरीचा पीळ देऊन पाय रोवून उभी. माझ्यातली वक्तृत्व स्पर्धा जागी झाली. इकडे गड्यानं फांदी हलवली, जांभळं सुटली, आणि तिकडे मी मोठ्यानं, शुद्ध मराठीत म्हणाले, "शत्रूनं धरलेल्या चादरीला मी हात लावणार नाही!" आणि टोक सोडून दिलं.

जांभळांचा सडा. फुटलेली, चिखलात लडबडलेली, पायाखाली फचफचणारी. सगळ्या बाया आ वासून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सासूबाई पाठ थोपटणार. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"जल्लं मेलं लक्षान! हात कंला सोरलास?"

"तुम्हीच म्हणालात ना, वैरी आहेत आपले."

"वैरी हायत म्हनून हात सोरतात काय, गो?"

एवढंच. तेवढ्यात समोरून तारा झाडाच्या बुंध्याकडे बघून, अगदी शांतपणे म्हणाली, "झारा, सांग तिला, पुढल्या वर्षी तरी हात सोरू नको म्हनावं."

ते तिचं मला पहिलं खरं वाक्य. मग दरवर्षी, न चुकता, चादर ताणली की ती झाडाला तेच सांगायची. "झारा, सांग तिला, यंदा तरी हात सोरू नको." सासवा गेल्या, आम्ही सासवा झालो, केस पिकले, तरी तेच. मीही झाडाला माझं ठरलेलं उत्तर द्यायचे, "झाडा, त्या वैरिणीला सांग, आधी स्वतःचं टोक बघ." मग ती माझ्यापेक्षा जोरात टोक ओढायची आणि मी दोन पावलं पुढे जायचे. इतका साधा कार्यक्रम. वर्षभर मी त्याची वाट बघायचे हे मला यंदा कळलं.

गाव सुटलं. आम्ही कात्रपला आलो, ताराकडचे मांजर्लीला. एका पावसाळ्यात नदीचं पाणी त्यांच्या जिन्यावर चढलं तेव्हा माझा मुलगा जाऊन सगळ्यांना आमच्याकडे घेऊन आला. पाणी उतरेपर्यंत तारा माझ्या स्वयंपाकघरात. बोलणं अर्थातच नाही. इथे झाड नाही, म्हैस नाही; मग कुकरची नेमणूक झाली. "कुकरा, सांग तिला, दोन शिट्ट्या झाल्या की बंद कर, डाळीचा गाळ करते." "कुकरा, सांग तिला, ज्याच्या घरी खावं त्याच्या डाळीला नावं ठेवू नयेत." माझी सून आधी घाबरली, मग पदराआड हसून हसून लाल झाली. बोलणं नव्हतं, पण त्यांच्याकडे कुणी गेलं की सुतक आम्हाला, आमच्याकडचं त्यांना. मेल्याचं नातं सुटत नाही, तिथे जित्यांच्या वैराची काय कथा.

म्हणून परवा माझी नात आर्वी जे बोलली त्यानं मला घाम फुटला. नववीत आहे. तिची जिवाभावाची मैत्रीण घरी येईनाशी झाली म्हणून मी विचारलं.

"भांडलात का गं?"

"नाही, आजी. ब्लॉक केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे ती मला दिसत नाही, मी तिला दिसत नाही. विषय संपला."

"पण शेजारीच बसते ना वर्गात?"

"बसते. मी बघत नाही."

"मग शिव्या तरी देतेस का? निदान मनात?"

"आजी! टॉक्सिक लोकांना एनर्जी द्यायची नसते."

बाई गं! मी खाटेवर बसलेच. शिवी नाही, टोमणा नाही, रहाट नाही, कोंबडी नाही. एक बोट लावलं आणि माणूस पुसलं. आमच्या वेळी वैर पोसावं लागायचं हो. त्याला वर्षाला जांभळं खाऊ घालावी लागत. तिकडे नाक्यावर निवडणुकीच्या सभेत भोंग्यावरून "गाडून टाकू, उखडून टाकू" चालू असतं, आणि तेच दोघं पुढारी लग्नाच्या हॉलमध्ये एका पंगतीत जिलबी मोडताना मी पाहिलेत. पण त्यांच्यासाठी घसे फोडणारी आमच्या बिल्डिंगमधली दोन पोरं एकमेकांना लिफ्टमध्ये ओळख देईनाशी झाली. कुणाचा शब्द कुणाला लागतो, बघा.

तर यंदा. जांभूळ पिकलं. गावाकडच्या गड्याचा फोन आला, "आजी, झाड गळाया लागलाय, कधी येता?" चादर यंदा ताराकडे. रीतीप्रमाणे त्यांच्याकडून निरोप यायला हवा होता. आला नाही. रोज वाट बघितली. तिकडे जांभळं मातीत पडत होती, इकडे माझा जीव टांगणीला. शेवटी म्हटलं, मी बोलायला थोडीच जातेय? चादर आणायला जातेय. आर्वीला घेतलं, रिक्षा केली आणि मांजर्ली गाठली. आणि तिथे ते 'या ताई' ऐकलं.

ताराच्या मुलानं मला बाजूला घेतलं. "काकी, आईला आता माणसं ओळखू येत नाहीत. थंडीपासून सुरू झालं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांशी गोडच बोलते."

"अरे, तेच तर वाईट," मी म्हणाले.

परत तिच्यासमोर बसले. मनाशी म्हटलं, एकदा प्रयत्न करून बघू. वर पंखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघून ठसक्यात म्हणाले, "पंख्या, सांग तिला, चादर न्यायला आलेय. दडपून बसलीय कधीची."

तारानं काळजीनं वर बघितलं. "काय झाला पंख्याला? आवाज करतो काय?"

आर्वी फिस्सकन हसली आणि माझा चेहरा बघून गप्प झाली. येताना रिक्षात तिनं विचारलं, "आजी, त्या तुझ्या फ्रेंड आहेत का?"

"नाही गं," मी म्हणाले, "मैत्रिणी मला पुष्कळ आहेत."

त्या दिवशी चहा गेला नाही की जेवण. माझ्या वयाच्या बाईला ओळखणारी माणसं तशीही कमी होत जातात. पण ती विहीर, ते टोक सोडणं, ती वेणी घागरीत बुडवणारी गाढव मुलगी, हे सगळं बघितलेली एकच बाई उरली होती, आणि तिनं मला आपल्यातून काढून टाकलं होतं. अगदी गोड बोलून. आता मला वैरीण कोण म्हणणार? नातवंडं 'क्यूट' म्हणतात. क्यूट! या वयात हे ऐकायचं राहिलं होतं.

रविवारी ताराच्या सुनेनं तिला चादरीसकट रिक्षात घालून झाडाखाली आणलं. "घरात बसून तरी काय करतात, काकी. बघू या," म्हणाली. पोरगी भली आहे. बांधावर खुर्ची टाकली. तारानं झाडाकडे मान वर करून बघितलं, अगदी नवं काही बघावं तसं.

"झार बरा हाय हो, ताई. कुनाचा?"

कुणाचं! जो एक प्रश्न दोन घरांनी तीन पिढ्या एकमेकांना तोंडावर विचारला नाही, तो प्रश्न ही बाई मला, मला, मायेनं विचारत होती. "तुमचंच आहे," असं म्हणून टाकलं असतं तर सासूबाई वरून खाली उतरल्या असत्या. मी चादर पुढे ओढली.

चादर उलगडली. मधली शिवण उसवली होती ती ताराच्या सुनेनं घातली होती. आमच्याकडून मी आणि आर्वी. त्यांच्याकडून सून, आणि चौथं टोक तिनं खुर्चीतल्या ताराच्या हातात नुसतं ठेवलं. मुठीत मावेल एवढं. तारानं ते मांडीवर घेऊन त्याची घडी घालायला सुरुवात केली.

"चालू दे रे," मी वर ओरडले.

फांदी हलली. पहिली जांभळं टपटपली. चादर खोलगट झाली. आणि मी, आता खोटं कशाला सांगू, मुद्दाम, अगदी पहिल्या वर्षासारखा, हात सैल सोडला. पुरता नाही. एवढासाच. माझ्या बाजूनं चादर झोळासारखी लोंबली, चार जांभळं घरंगळून मातीत गेली.

"आजी, नीट धर ना!" आर्वी ओरडली.

तारा घडी घालायची थांबली. तिच्या हाताला तो झोळ कळला असावा. तोंडावर काही नव्हतं. तिनं टोक दंडाभोवती घेतलं. एक पीळ, दुसरा पीळ. खुर्चीच्या पुढच्या पायाला टाच लावली. कपाळाला आठी पडली, ही आठी मी चांगली ओळखते. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. बुंध्याकडे बघितलं.

"झारा," ती म्हणाली, "सांग तिला. यंदा तरी हात सोरू नको म्हनावं."

सून दचकली. आर्वीनं माझ्याकडे बघितलं, मग ताराकडे, मग झाडाकडे, जणू आता तेच काही बोलणार होतं.

झाडाला उत्तर द्यायला हवं होतं, नाहीतर ते बरं दिसलं नसतं.

"झाडा," मी म्हणाले, "त्या वैरिणीला सांग, आधी स्वतःचं टोक बघ."

आणि पलीकडून असा सणसणीत हिसका बसला की मी दोन पावलं पुढे गेले.